शितळाईनं खोळ टाकली

मोबाइलवर फोटो आला तेव्हा नंदाबाई डब्यांच्या पोळ्या लाटत होती. हात पिठाचे, म्हणून तिनं करंगळीनं काच सरकवली, तर एक बाई तिच्याकडं बघून हसत होती. त्या बाईनं नंदाचीच मोरपंखी साडी नेसली होती, गळ्यात नंदाचीच बोरमाळ होती, शेजारी नंदाचीच लेक होती, सारिका, साखरपुड्याच्या साडीत. तोंड तेवढं नंदाचं नव्हतं. उकडून सोललेल्या बटाट्यासारखं ते कपाळापासून हनुवटीपर्यंत सपाट होतं. खाली फोटोवाल्या सत्यमनं लिहिलं होतं, काकू, स्किन एकदम क्लिअर करून दिली, अल्बमच्या कव्हरवर तुमचा दोघींचाच ठेवतोय, आज संध्याकाळी छापायला जाईल, ओके सांगा. तव्यावरची पोळी फुगली, फुटली, करपली. नंदानं ती उलटली नाही.

नंदाच्या तोंडावर देवीचे वण होते. चार वर्षांची असताना तिच्या अंगावर देवी आल्या होत्या, तिच्या माहेरच्या, कुरवंड्यातल्या, शेवटच्या. तिच्यानंतर गावात कुणाच्या घरी ती पाहुणी उतरली नाही. भाताच्या खाचरातून गुरं जावीत आणि मागं चिखलात खुरं उमटून वाळावीत तसे ते वण, गालांवर दाट, कपाळावर विरळ. लोणावळ्यात संसार झाला, कुसगावच्या कॉलेजांतल्या पोरांना डबे देता देता केस पिकले, आणि या तोंडाची तिला घरच्या उंबऱ्यासारखी सवय होऊन गेली. ठेच लागत नाही, कारण पाय आपोआप उचलतो. फोटो निघताना मागच्या रांगेत उभं राहायचं, लग्नघरात ट्यूबलाइटखाली बसायचं नाही, नव्या माणसाशी बोलताना पदर जरा गालावर येऊ द्यायचा, हे सगळं त्या पाय उचलण्यातलंच. आज कुणी उंबराच काढून नेला होता आणि तिचा उचललेला पाय हवेत राहिला होता. खरं सांगायचं तर आधी तिला बरं वाटलं. हसूच आलं. अशी दिसले असते होय मी, असं मनात आलं, आणि नेमकं तेव्हाच ओल्या केसांना टॉवेल गुंडाळलेली सारिका पाठीमागून डोकावली. "आवडला ना? किती मस्त दिसतेस मम्मी!" असं म्हणून ती कंगवा शोधायला आत गेली.

ते बोलणं माशाच्या काट्यासारखं नंदाच्या गळ्यात रुतलं. आता मस्त, तर मग आजवर कशी? तिला सारिकाच्या शाळेचं गॅदरिंग आठवलं. चौथीत होती पोर. "तू नको येऊस, पप्पांना पाठव," असं दारात उभं राहून, बुटाच्या टोकानं फरशी उकरत म्हणाली होती. नंदानं का म्हणून विचारलं नव्हतं. पप्पांना रेल्वेत ड्यूटी होती, कुणीच गेलं नाही, आणि ती गोष्ट तळाशी बसली, हंड्यातल्या गाळासारखी. परवा साखरपुड्यात तळेगावच्या विहीणबाई तिला कुंकू लावताना क्षणभर थांबल्या होत्या, बोट कपाळावर सपाट जागा शोधत होतं. सारिकानं ते पाहिलं होतं का? माझ्या तोंडाची तिला लाज वाटते का? एवढंच विचारायचं होतं. लेक आत केस विंचरत होती, मध्ये एक भिंत होती, आणि नंदाला ते विचारता येत नव्हतं. व्हय म्हणाली तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात धाकट्या भावाचा फोन आला. धोंडिबा कुरवंड्याला असतो, फोनवर तो नेहमी समोरच्या डोंगराशी बोलल्यासारखा ओरडतो. "ताये, शितळाईनं खोळ टाकली! पहाटंच्याला धाडदिशी आवाज आला, गोरख गुरव पळतच आला. लेकींना सांगावा धाडलाय. तू कवा येतीस?" नंदानं लाटणं खाली ठेवलं. बायका वर्षानुवर्षं शेंदूर आणि तेल थापत राहतात, गावच्या शितळाईच्या पाषाणावर पुटं चढत जातात, आणि एखाद्या वैशाखात, उन्हानं आतलं तेल सुटलं, की ते सगळं कवच, ती खोळ, एकदम निखळून पडते. मग गावच्या सुनांनी नाही, लेकींनी जायचं, जिथं कुठं दिल्या असतील तिथून, आणि उघड्या देवीला न्हाऊ घालून पुन्हा शेंदूर लावायचा. माहेरची माणसं माहेरवाशिणीला न्हाऊ घालतात, इथं माहेरवाशिणी आईला घालतात. नंदाच्या जन्मात हे आजवर झालं नव्हतं. तिच्या बयनं, म्हणजे आईनं, लहानपणी एकदा बघितलेलं, ती गावातल्या गावातच दिलेली, आणि पुन्हा बघायला मिळावं म्हणत म्हणत ती गेली. "चल, मी सोडते तुला," सारिका म्हणाली. "रविवारच आहे. मलापण बघायचंय."

स्कूटरवर लेकीच्या मागं बसून जाताना नंदाला तिची मान दिसत होती, गोरी, घामेजलेली, एकही डाग नसलेली. नेव्हीच्या लांबच लांब भिंतीच्या कडेनं रस्ता चढत होता, नागफणीचा सुळका बघायला निघालेल्या मुंबईकरांच्या गाड्या हॉर्न वाजवत पुढं जात होत्या, कडेला पोरी द्रोणातून करवंदं विकत होत्या. ऊन तोंडावर येत होतं आणि वारा वणावणांतून फिरत होता, असं तिला वाटलं. गुळगुळीत तोंडावरून वारा कसा जात असेल, नुसता घसरून जात असेल का? आणि त्या वाऱ्यातच तिला बयचा वास आला, ताकाचा आणि लिंबाच्या पाल्याचा. कुरवंड्याच्या पावसात कडुलिंब नीट धरत नाही. दादा, म्हणजे वडील, तेव्हा देहूरोडच्या डेपोत हमालीला होते, ते तिथून रोज संध्याकाळी पाल्याची जुडी घेऊन यायचे, गाडीत लोक विचारायचे, काय हो, बकरी पाळली का, आणि ते म्हणायचे, न्हाई, घरी पाहुणी आलीया. लोक समजायचे आणि जरा सरकून बसायचे. घरात फोडणी बंद होती, चुलीवर तळणं नाही, बयनं केसांना फणी लावली नव्हती, दाराशी ओला पाला, आत पायताण नाही, मोठ्यानं बोलणं नाही. गोधडीवर नंदा पडलेली, अंगभर टरारलेले फोड, डोळे चिकटलेले. आणि बय तिच्या पायाशी हात जोडून बसलेली.

हे नंदाला कुणी सांगितलेलं नव्हतं, हे तिचं स्वतःचं होतं, अंधारातलं. बय तिला नंदे म्हणत नव्हती. "तुमी आलात, लय बरं वाटलं," असं म्हणायची. "पानी घेता का माय? तुमाला दहीभात आवडतो, केलाय बगा." अंगाला मऊ चिंधी लावायची, स्वतःच्या लग्नातल्या विरलेल्या लुगड्याची, पाल्याच्या पाण्यात भिजवलेली, एकेका फोडाला टेकवून उचलायची, पुसायची नाही. मग पोरीच्या पावलांवर डोकं ठेवायची, आणि फणी न लागलेले ते केस पोरीच्या घोट्यांना टोचायचे. चार वर्षांच्या नंदाला अंगाच्या आगीपेक्षा त्याचंच भय वाटायचं. आपली बय कुठं गेली, ही कोण बाई आपल्याला तुमी म्हणते? ती रडायची तर बय अजूनच अदबीनं म्हणायची, "काय चुकलं का माय आमचं?" शेजारची भागुबाई ताक घेऊन यायची, उंबऱ्याबाहेर बसायची आणि दोघी हलक्या आवाजात गायच्या, जात्याविना, नुसत्या ओठांवर:

आली पाहुणी माझ्या घरी, देते लिंबाची सावली
जाताना राहू दे गं, डोळ्यामंदी बाहुली.

रुसू नको माझे माई, दूध निवाया ठेविलं
लेकराचं अंग मी गं, तुझं म्हणून धुविलं.

मग एका सकाळी पापण्या सुटल्या. समोर उजेडाचा तुकडा, त्यात बयचं तोंड, वाळून काटकी झालेलं. नंदानं हात लांब करून ताकाचं भांडं सांडलं. बय क्षणभर बघत राहिली, आणि मग तिच्या तोंडून फुटलं, "नंदे, मेले, डोळं फुटलं का तुजं!" म्हणता म्हणताच तिला कळलं की डोळे फुटलेले नाहीत, आणि ती तशीच सांडलेल्या ताकात बसून हसायला लागली, रडायला लागली. नंदाला आयुष्यात एवढा आनंद पुन्हा झाला नाही. शिवी दिली म्हणजे बय परत आली होती. पुढं बयनं पायांतल्या चांदीच्या तोरड्या मोडून शितळाईला डोळे केले, नवस बोललेली होती ती. पण पोरीच्या तोंडाकडं बघून एकदाही हळहळली नाही. कुणी आयाबायांनी च्च केलं तर म्हणायची, पाहुणी राहून गेली, तिच्या पाटाच्या खुणा हायेत त्या. सत्यमनं एका बोटानं पुसलं होतं ते हे सगळं. दादांची पाल्याची जुडी, भागुबाईचं ताक, ती चिंधी. आणि ते पुसलेलं बघून नंदा हसली होती. हा काटा जास्त खोल होता, लेकीच्या बोलण्यापेक्षाही.

देवळाशी लेकींची गर्दी होती. कोणी खंडाळ्याहून, कोणी कुसगावाहून, एक तर पार देहूरोडवरून नातवाला काखेत मारून आलेली. एवढ्या जणी एकदम माहेरी आल्या की होतो तो कलकलाट होता, कुणाचे गुडघे, कुणाची सून, कुणाच्या म्हशीचं वेत. गोरख गुरवानं खोळीचे तुकडे परातीत काढून ठेवले होते, वीतवीत जाड, भाकरीच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर, आणि थरांमध्ये चांदीचे डोळे रुतलेले. नवे डोळे वर, त्यांच्याखाली काळे पडलेले, त्यांच्याही खाली कागदासारखे झिजलेले. दर वेळी कुणी नवसाचे डोळे लावायचं आणि दुसरं कुणी वरून शेंदूर थापायचं. नंदा वाकून बघत राहिली. यातले बयच्या तोरड्यांचे कुठले, ते ओळखणं शक्यच नव्हतं. प्रत्येक जोडीमागं कुठलं तरी लेकरू अंधारात पडलेलं होतं आणि त्याच्या पायाशी एक बाई बसलेली होती. शितळाई एवढ्या सगळ्या डोळ्यांनी आतून बघत होती तर.

"मावशी, एक घोटाळा झालाय," गोरख डोकं खाजवत भागुबाईला म्हणाला. भागुबाई आता पार वाकली होती, पण गावचीच लेक म्हणून लेकींची पंगत तीच हाकत होती. "उघडी झाल्यावर कळतंय, आईचं त्वांड तिकडं हाय, डोंगराकडं. आमी बापजाद्यापासनं खांद्यालाच डोळं चिकटवत आलो की वो!" बायका खिदळल्या. "गप रं," भागुबाई म्हणाली. "आईला फुडनं मागनं नसतंय. तू म्हनशील तिकडनं बगती ती. खांद्यानं बी बगती. तुज्यावानी हाय का, डोळं आसून न्हाई दिसलं?" गोरखनंही हसून कान पकडले.

मग बायकांनी वाट दिली आणि नंदाला देवी दिसली. काळा, मांडीएवढ्या उंचीचा पाषाण, आणि त्याच्या अंगभर वण. सह्याद्रीच्या दगडाला असतात तशी छिद्रं, बारीक, खोल, एकमेकींना खेटून, वरच्या बाजूला विरळ आणि मधे दाट. जन्मभर तिनं शेंदराची गुळगुळीत, गोल, लोण्याच्या गोळ्यासारखी शितळाई बघितली होती. नंदाच्या मागं उभ्या सारिकाचा श्वास अडकलेला तिला ऐकू आला. मग देहूरोडच्या बाईच्या काखेतला नातू नंदाकडं बोट दाखवून दगडाकडं बघायला लागला, आणि त्याच्या आजीनं त्याचं बोट मुठीत घेतलं. "बगू दे की त्याला," भागुबाई म्हणाली. "खरंच हाय ते. नंदे, फुडं ये. पयलं पानी तुज्या हातचं."

पाणी घालताना ते छिद्राछिद्रांत थांबत होतं, उजेड धरून. पदरानं पुसून निघेना. नंदाचं बोट आपोआप टेकायला लागलं, टेकवून उचलायचं, पुसायचं नाही. एकेक छिद्र टिपता टिपता तिला कळलं की हे हात तिचे नाहीत, आणि ओठही तिचे नाहीत. "दमलात का माय," ती पुटपुटत होती, "लय दिवस ओझं वागवलंत." तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि तेही वणावणांत थांबत होतं, आणि तिला त्याचं दुःख होत नव्हतं. बयला पुन्हा बघायचं होतं ते ती बघत होती. देवीचं अंग वाळलं तशी भागुबाईनं शेंदराची वाटी पुढं केली. नंदाचा हात थबकला. "मावशी, पुन्यांदा झाकायचंच का? आत्ता कुटं दिसलीया." भागुबाईनं तिच्याकडं तिरकं बघितलं. "झाकतंय कोन? आपुन लाड करतो, ती करून घेती. जड झालं की देती टाकून. लाव. थंडावा वाटतो तिला." नंदानं बोटं शेंदरात बुडवली. लावता लावता तिला सत्यमची कीव आली आणि मायाही. त्या पोरानंही आपल्या परीनं लाडच केला होता.

न्हाणं झाल्यावर बायका आंब्याच्या सावलीत दहीभाताला बसल्या. सारिका तिच्याजवळ येऊन बसली, भात नुसता चिवडत. "मम्मी, एक सांगू? तो फोटो सत्यमनं आपणहून नाही केला. मीच सांगितलं त्याला." नंदाचा घास हातातच राहिला. म्हणजे व्हय. म्हणजे लाज. तिनं दहीभाताकडं बघत मान हलवली, जणू तिला ते पहिल्यापासून माहीत होतं. "विहीणबाईंसाठी का?"

"कुठल्या विहीणबाई? तुझ्यासाठी. घरात एक फोटो नाही ज्यात तू नीट दिसतेस. माझ्या बारशात पाठमोरी, दहावीच्या निकालाला अर्धी कपाटामागं. मला वाटलं, एकदा तोंड साफ करून दिलं तर तू पुढं उभी राहशील. सकाळी तू हसलीस तेव्हा वाटलं, जमलं. पण मग स्कूटरच्या आरशात तुझं तोंड बघत होते, तू रडत होतीस."

नंदानं हातातला घास पानात ठेवला. मग जे विचारता येत नव्हतं ते सहज, भात कालवावा तसं, बाहेर आलं. "मग चौथीत गॅदरिंगला येऊ नको का म्हनलीस?"

सारिकानं कपाळाला आठी घातली, आठवलं, आणि डावा हात तोंडावर दाबून धरला. "अगं बाई! ते? मी तुला सांगितलं होतं, मी राणी झालेय म्हणून. तू त्यासाठी तुझी शेवंती रंगाची साडी कापून झगा शिवलास. आणि बाईंनी मला झाड केलं. झाड! दोन्ही हात वर करून उभं राहायचं फक्त. तुला कसं दाखवणार होते मी? पप्पांना काय, त्यांना झाडपण चाललं असतं." हसता हसता ती थांबली, आईच्या तोंडाकडं बघत. "मम्मी. तुला काय वाटलं होतं?" नंदाचा पदर आपोआप गालावर गेला. सारिकाला ते हळूहळू कळत गेलं, चौथीपासून आजपर्यंतचं, आणि तिचे डोळे भरून आले. तिनं मघाशी वाटी आवरताना शेंदरानं माखलेलं डाव्या हाताचं बोट आईच्या भुवईच्या टोकाशी टेकवलं. "लहानपणी मी इथं बोट ठेवून झोपायचे. फोटोत शोधलं तर नव्हतंच."

"पूस ते सारिके, तेल डोळ्यात जाईल आयच्या," पलीकडून भागुबाई ओरडली. "असू दे मावशी," नंदा म्हणाली. तिला काय होत होतं ते तिला नीट सांगता आलं नसतं. आपल्याला जगवायला किती माणसं एका अंगणात गोळा झाली होती, आणि ती सगळी आज इथं आहेत, गेलेलीही, असं वाटत होतं, आणि त्यांचं काही फेडायचं नसतं, नुसतं हे तोंड घेऊन उन्हात बसायचं असतं. ती तशी बसली. भात फार चांगला झाला होता. तिनं आणखी मागून घेतला.

परतताना उतारावर सत्यमचा फोन आला, वाऱ्यात ऐकू यावा म्हणून नंदानं तो स्पीकरवर घेतला. "काकू, छापायला टाकू ना? ओके?"

"न्हाई रं बाळा. आधीचा टाक. हाय तसा."

"अहो काकू, त्यात खड्डे दिसतील."

"दिसू दे. राखलेलं तोंड हाय ते. लय जणी जागल्यात त्याच्यापायी. आणि तू एवढी मेहनत घेतलीस, तुझंबी भलं होऊ दे. उद्या पुरणपोळी देते डब्यात."

मग सत्यम अडखळत म्हणाला, "बरं. काकू, मग सारिकाताईच्या गालावरची पुटकुळीपण ठेवू का?"

"ती काढ!" सारिका पुढून एवढ्यानं किंचाळली की स्कूटर डुगडुगली आणि करवंदवाली पोर दचकून उभी राहिली. नंदा लेकीच्या पाठीवर कपाळ टेकून हसत सुटली, थांबता थांबेना. "काढ बाबा," ती कसंबसं म्हणाली, "ती कुणी राखलेली न्हाई."